मंद्रूपचा रस्ता आणि मैत्रीभावना

सोलापूरहून विजापूरच्या रस्त्याला लागले की शहर सुटता सुटताच माणसांच्या बोलण्यात कानडी मिसळू लागते. विजापूरचे नाव २०१४ पासून विजयपूर झाले, पण एस.टी.तल्या प्रवाशांच्या तोंडी अजून विजापूरच आहे. सोरेगाव आणि हत्तूर मागे पडते, वडकबाळला सीना नदीचा पूल लागतो आणि वीस-पंचवीस किलोमीटरवर मंद्रूप येते. दक्षिण सोलापूर तालुक्यातले हे बाजाराचे मोठे गाव. जवळच एका ठिकाणाचे नाव तेरामैल आहे. मैलाचे दगड गेले, किलोमीटरचे आले, नाव मात्र तेच राहिले. एका अंगाला सीना, दुसऱ्या अंगाला भीमा, आणि मधल्या पट्ट्यात काळी जमीन. थंडीच्या दिवसांत गेलात तर ज्वारी पोटरीत आलेली दिसते, मध्येच उसाचा फड आणि द्राक्षाची बाग. भीमा ओलांडली की कर्नाटक.

सहलीच्या पुस्तकात मंद्रूपचे नाव सापडणार नाही. तरीही धम्मबांधवांनी आणि भगिनींनी एकदा या बाजूला जाऊन यावे, असे मला वाटते. कारण ज्या चार गोष्टींविषयी आपण विहारात वारंवार ऐकतो, त्या मैत्री, करुणा, मुदिता आणि उपेक्षा यांचा अर्थ या दोन नद्यांच्या मधल्या मुलखात फिरताना फार स्पष्ट होतो.

आम्ही कारकून माणसे. आठवडाभर फायली आणि आकडेमोड. रविवारी कुठून बोलावणे आले की पिशवीत दोन पुस्तके टाकून निघायचे. मंद्रूप भागातल्या एका वस्तीतील विहारात सामुदायिक वंदना आणि त्यानंतर मैत्रीभावनेचा सराव होता. विहार साधाच. पत्र्याचे छत, भिंतीवर तथागतांची आणि बाबासाहेबांची तसबीर, खाली सतरंज्या. तीसेक माणसे होती, त्यात बायाच जास्त. काही जणी सकाळचे शेतातले काम उरकून आल्या होत्या. इंडी तालुक्यातून सून म्हणून आलेल्या एका मुलीला मराठी नीट येत नव्हते. तिच्या शेजारी बसलेल्या अक्का प्रत्येक सूचना हळू आवाजात कानडीत सांगत होत्या.

ध्यान म्हटले की आपल्या लोकांच्या मनात शंका येते. ध्यान म्हणजे डोळे मिटून जगापासून पळणे, पोट भरलेल्यांचा उद्योग, असे अनेकांना वाटते. शंका घेणे वाईट नाही. पण मैत्रीभावना हा पळण्याचा मार्ग नाही. त्यात माणसे एकेक करून मनासमोर आणायची असतात, आणि त्यांच्यातली काही अशी असतात की त्यांच्यापासून पळायलाच आपल्याला आवडेल.

ही पद्धत जुनी आहे. पाचव्या शतकात सिंहलद्वीपातील अनुराधपूरच्या महाविहारात राहून आचार्य बुद्धघोषांनी ‘विशुद्धिमार्ग’ हा पाली ग्रंथ लिहिला. त्यात ब्रह्मविहारांवर एक स्वतंत्र प्रकरण आहे. मराठी माणसाला अभिमान वाटावा अशी गोष्ट म्हणजे या ग्रंथाचे देवनागरीत संपादन केले ते गोव्यातील साखवाळ गावी जन्मलेल्या धर्मानंद कोसंबींनी (१८७६–१९४७). बौद्ध ध्यानमार्गाची ओळख करून देणारे ‘समाधिमार्ग’ हे पुस्तकही त्यांनी मराठीत लिहिले. पुढे हाच सराव आपल्या वस्त्यांपर्यंत दोन वाटांनी पोचला. १९७९ मध्ये सुरू झालेल्या त्रैलोक्य बौद्ध महासंघ सहायक गणाने (२०१० पासून त्रिरत्न बौद्ध महासंघ) भाजे लेण्यांजवळच्या शिबिरांतून आनापानसती आणि मैत्रीभावना शिकवली. इगतपुरीच्या धम्मगिरीत १९७६ पासून विपश्यनेची दहा दिवसांची शिबिरे होऊ लागली. तिथेही शेवटी मंगलमैत्री शिकवतात.

सराव असा. ताठ पण सहज बसायचे, श्वास शांत होऊ द्यायचा. पहिली पायरी स्वतःची. मी सुखी व्हावे, निर्भय व्हावे, निरोगी राहावे, अशी इच्छा मनात धरायची. दुसरी पायरी जिवलग मित्राची किंवा ज्याच्याविषयी आदर आहे अशा माणसाची. ते माणूस हयात असावे, असे विशुद्धिमार्ग सांगतो. तिसरी पायरी मध्यस्थाची, म्हणजे जो ना मित्र ना वैरी. रोजचा कंडक्टर, रेशनच्या रांगेत पुढे उभी असणारी बाई. चौथी पायरी वैऱ्याची. पाचव्या पायरीत या चौघांना सारखे समोर धरायचे आणि तीच भावना वस्ती, गाव, तालुका, नदीपलीकडचा मुलूख अशी पसरत न्यायची. वीस-पंचवीस मिनिटे पुरतात.

ऐकायला सोपे वाटते. पण सराव संपल्यावर अक्कांनी पहिलीच अडचण सांगितली. त्या म्हणाल्या, “दुसऱ्याचं भलं मागायला काय नाही वाटत की ओ. स्वतःचं मागायचं म्हणजे जीभ रेटत नाही. पाप केल्यासारखं वाटतंय.” आजूबाजूच्या बायांनी मान हलवली.

वाचकहो, या वाक्यावर थांबून विचार केला पाहिजे. ज्या घरात बाई सर्वांना वाढून उरलेले खाते, ज्या समाजाला शेकडो वर्षे तू खालचा आहेस, तुझी सावलीही नको असे ऐकवले गेले, त्या समाजाला ‘मी सुखी व्हावे’ हे म्हणणे जड जाते. म्हणून पहिली पायरी स्वतःची आहे. तिला स्वार्थ म्हणता येणार नाही. ज्याला स्वतःचे मोल कळत नाही तो दुसऱ्याचे भले इच्छितो तेव्हा त्यात लाचारी मिसळण्याचा धोका असतो. लाचार माणूस मालकाचे भले चिंततो, त्याला मैत्री म्हणत नाहीत. मैत्री बरोबरीच्या नात्यात होते.

दुसरा प्रश्न एका तरुणाने विचारला, आणि तोच खरा अवघड होता. कॉलेजात शिकणारा मुलगा. तो उभा राहून म्हणाला, “सर, आमच्या पणज्याला आजोळी वरून ओंजळीत पाणी वाढायचे. आजसुद्धा कुठे कुठे काय चालते ते पेपरात येते. त्या माणसांना चौथ्या पायरीवर बसवून त्यांचे भले चिंतायचे? मग आम्ही लढायचे कशाला?”

विहारात शांतता पसरली. हा प्रश्न प्रत्येकाच्या मनात असतो, विचारतो एखादाच.

त्याला उत्तर देताना विशुद्धिमार्गातली एक कसोटी सांगितली, ती इथेही सांगतो. चार माणसे एकत्र बसली आहेत: साधक स्वतः, त्याचा प्रिय मित्र, एक मध्यस्थ आणि एक वैरी. दरोडेखोर येतात आणि म्हणतात, बळी देण्यासाठी तुमच्यातला एक माणूस द्या. साधकाच्या मनात आले की या वैऱ्याला न्या, तर त्याची मैत्री अपुरी आहे. हे कोणालाही पटेल. पण पुढे ग्रंथकार म्हणतो की, ‘मला न्या आणि या तिघांना सोडा’ असे मनात आले, तरीही मैत्री अपुरीच. कारण त्याने एका माणसाचे अहित इच्छिले, आणि ते माणूस तो स्वतः आहे. चौघांपैकी एकालाही देऊ नये असे जेव्हा मनापासून वाटते, तेव्हाच सीमा मोडली. याला सीमासंभेद म्हणतात.

आपल्या दृष्टीने याचा अर्थ फार मोठा आहे. स्वतःचा बळी देणारी मैत्री धम्माला मान्य नाही. जो अन्याय सोसत गप्प बसतो आणि त्यालाच क्षमा म्हणतो, तो चौघांतल्या एकाला, म्हणजे स्वतःला, दरोडेखोरांच्या हवाली करतो. लढा सोडा असे मैत्री सांगत नाही. लढताना समोरच्याचा नाश हे ध्येय ठेवू नका, त्याने केलेला अन्याय संपवणे हे ध्येय ठेवा, एवढेच ती सांगते. चवदार तळ्याच्या सत्याग्रहात (१९२७) मागणी होती ती पाणी सर्वांना मिळावे अशी. दुसऱ्या कोणाचे पाणी तोडा असे कोणी म्हटले नव्हते.

बाबासाहेबांनी या शब्दाचा विचार किती खोलवर केला होता ते पाहा. ३ ऑक्टोबर १९५४ रोजी आकाशवाणीवरील भाषणात त्यांनी सांगितले की, स्वातंत्र्य, समता आणि बंधुता ही तत्त्वे आपण फ्रेंच राज्यक्रांतीकडून उसनी घेतलेली नाहीत, ती बुद्धाच्या शिकवणीतून घेतली आहेत. त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झालेल्या एका लेखनात तर ते म्हणतात की, बंधुता हा शब्दही अपुरा आहे, योग्य शब्द बुद्धाने वापरलेला मैत्री हाच आहे. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात (मूळ इंग्रजी, १९५७) त्यांनी करुणा माणसापुरती आणि मैत्री सर्व प्राणिमात्रांपर्यंत, असा फरक केला आहे. घटना समितीत २५ नोव्हेंबर १९४९ रोजी त्यांनी बजावले होते की, बंधुतेवाचून समता आणि स्वातंत्र्य रंगाच्या हातापेक्षा खोल जाणार नाहीत. तेव्हा चौथ्या पायरीवर बसणे म्हणजे राज्यघटनेतला एक शब्द मनात रुजवण्याचा सराव आहे.

आणि चौथी पायरी पहिल्याच दिवशी चढायची नसते. वैऱ्यापासून सुरुवात करू नका, असे विशुद्धिमार्गच बजावतो. मन थकते आणि राग वाढतो. आधी पहिल्या तीन पायऱ्या पक्क्या करायच्या. राग उसळला की पुन्हा खाली यायचे. वैरी म्हणून थेट मोठा अत्याचारी निवडण्याचीही गरज नाही. जाऊबाईशी बोलणे बंद आहे, बांधावरून चुलतभावाशी वाद आहे, तिथून सुरुवात करावी.

आता उरलेल्या तीन गोष्टी. करुणा म्हणजे कीव नव्हे. कीव वरून खाली पाहते. २०२५ च्या सप्टेंबरात याच सीनेला मोठा पूर आला, सोलापूर जिल्ह्यात काठच्या गावांत पाणी शिरले, उभी पिके गेली. अशा वेळी जी बाई स्वतःच्या घरात चार भाकरी जास्त थापते आणि त्या कोणाच्या पानात जाणार हे विचारत नाही, तिला करुणा समजली आहे. ग्रंथ सांगतो की, प्रत्येक भावनेचा एक दूरचा शत्रू असतो आणि एक जवळचा. करुणेचा दूरचा शत्रू क्रौर्य, तो लगेच ओळखता येतो. जवळचा शत्रू म्हणजे शोक. दुसऱ्याचे दुःख पाहून स्वतःच रडत बसणे हे करुणेसारखे दिसते, पण त्याने समोरच्याला भाकरी मिळत नाही.

मुदिता म्हणजे दुसऱ्याच्या सुखाने, यशाने आनंदणे. चौघांत ही सर्वांत सोपी वाटते आणि आपल्या वस्त्यांना सर्वांत जास्त गरज हिचीच आहे. शेजारच्या मुलाला नोकरी लागली की आधी पेढा खातो आणि मग वशिला कोणाचा ते विचारतो. एका वस्तीत जयंतीची दोन मंडळे, दोन मिरवणुका, दोन पावतीपुस्तके. एक कार्यकर्ता वर आला की दुसऱ्याच्या पोटात दुखते. हिशेबाच्या भाषेत सांगायचे तर दुसऱ्याच्या खात्यावर जमा पडली म्हणून आपल्या खात्यावर नावे पडत नाही. दोन्ही खाती एकाच समाजाच्या वहीत आहेत. आज मनात ज्या मुलाविषयी मुदिता जागवली, उद्या त्याच्या घरी जाऊन त्याची पाठ थोपटली, की गटबाजीची एक वीट निखळते.

चौथी उपेक्षा. हा शब्द ऐकून लोक दचकतात, कारण मराठीत उपेक्षा म्हणजे दुर्लक्ष. आपल्याला तर सरकारी भाषेत कितीतरी वर्षे ‘उपेक्षित’च म्हणत आले. पण पाली ‘उपेक्खा’ म्हणजे समतोल राखून पाहणे. स्तुती झाली म्हणून फुगायचे नाही, निंदा झाली म्हणून कोसळायचे नाही, आपला-परका पाहून न्याय बदलायचा नाही. दुर्लक्ष हा तिचा जवळचा शत्रू आहे, दिसायला तिच्यासारखा आणि आतून उलटा. घरात मुलगा आणि मुलगी यांच्या ताटात सारखे वाढणारी आई उपेक्खा जाणते.

हे चार शब्द पतंजलीच्या योगसूत्रांतही, पहिल्याच पादात, येतात. शाळेत योग शिकवणाऱ्या गुरुजींनी ते सांगितले तर मुलांनी गोंधळू नये. तिथे सुखी माणसाविषयी मैत्री, दुःखी माणसाविषयी करुणा, पुण्यवंताविषयी मुदिता आणि अपुण्यवंताविषयी उपेक्षा अशी वाटणी आहे. मन प्रसन्न राहावे हा तिथला हेतू. बौद्ध सरावात अशी वाटणी नाही. चारही भावना सर्वांविषयी वाढवायच्या, वैऱ्याविषयीसुद्धा. त्यामुळे हा मार्ग अवघडही आहे आणि मोठाही.

दुपारी जेवणे उरकून आम्ही काही जण हत्तरसंग कुडलला गेलो. हेही दक्षिण सोलापूर तालुक्यातच. इथे सीना भीमेला मिळते. संगमावर चालुक्यांच्या काळातले संगमेश्वराचे दगडी देऊळ आहे. त्याच्या एका तुळईवर शके ९४० चा, म्हणजे इसवी सन १०१८ चा, छोटा लेख कोरलेला आहे. मराठीतल्या सर्वांत जुन्या लेखांत त्याची गणना होते. सोलापूरचे अभ्यासक आनंद कुंभार यांनी तो प्रकाशात आणला. त्या लेखाचा शेवट असा आहे की, जो हे वाचेल तो विजयी होईल.

हजार वर्षांपूर्वीच्या त्या कोरणाऱ्याने पुढे कधीतरी येणाऱ्या, नाव-गाव ठाऊक नसलेल्या माणसासाठी शुभेच्छा लिहून ठेवली. मध्यस्थाविषयीची मैत्री म्हणतात ती हीच. पण आपल्या मनात पुढचा प्रश्न उभा राहतोच. तो दगड वाचू शकणारे किती होते? अक्षराला हात लावण्याची मनाई असलेल्या माणसांपर्यंत ती शुभेच्छा पोचलीच नाही. इच्छा चांगली होती, पण वाट बंद होती.

ती वाट कोणी उघडली, हे सोलापूरकरांना सांगायला नको. बाबासाहेबांनी २० जुलै १९२४ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली आणि सभेने पुढच्याच वर्षी, जानेवारी १९२५ मध्ये, सोलापुरात आपल्या मुलांसाठी वसतिगृह सुरू केले. ही मैत्री हातापायांनी केलेली होती. मुलांना निवारा मिळाला, शाळा मिळाली, अक्षर मिळाले. त्या दिवशी आमच्याबरोबर आलेल्या त्या कॉलेजच्या मुलाने तुळईकडे पाहत त्या लेखाचा अर्थ मोठ्याने सांगितला. नऊशे वर्षे जी शुभेच्छा त्याच्या पूर्वजांना मिळाली नाही, ती त्याने आपल्या शिक्षणाच्या जोरावर घेतली.

संगमावर उभे राहिले की नदीचा विचार येतो. भाजे लेण्यांच्या डोंगरावर पडलेला पाऊस इंद्रायणीला मिळतो, इंद्रायणी तुळापूरला भीमेला मिळते आणि भीमा पंढरपूरवरून इथे येते. ज्या खोऱ्याच्या माथ्याशी दोन हजार वर्षांपूर्वी भिक्षू ध्यानाला बसत, त्याचेच हे पाणी. पुढे कर्नाटकात कलबुर्गी जिल्ह्यात याच भीमेच्या काठी सन्नती आहे. तिथे १९८० च्या दशकात एका देवळाचे छत कोसळले आणि मूर्तीखालच्या दगडावर सम्राट अशोकाचे आदेश सापडले. शेजारच्या कनगनहळ्ळीला १९९० च्या दशकात मोठा स्तूप उजेडात आला. त्यात अशोकाचे शिल्प आहे आणि त्यावर त्याचे नावही कोरलेले आहे. सन्नतीच्या आदेशांत सम्राट सांगतो की, सर्व माणसे माझी लेकरे आहेत. आणखी एका आदेशात तो सांगतो की, दुसऱ्याच्या पंथाविषयी बोलताना जिभेला आवर घाला. कलिंगात लाखाची हत्या पाहिलेल्या माणसाने हे लिहिले आहे. त्याने धम्माचे अधिकारी नेमले, रस्त्यांवर झाडे लावली, विहिरी खोदल्या. इच्छा आणि काम त्याने वेगळे ठेवले नाही.

माताभगिनींनो, तरुण मित्रांनो, मैत्रीभावनेसाठी वेगळी खोली लागत नाही, पैसा लागत नाही. रात्री जेवणे झाली, भांडी घासून झाली की टीव्ही आणि मोबाइल वीस मिनिटे बंद ठेवावेत. घरातल्या सर्वांनी, लहान मुलांनीसुद्धा, एकत्र बसावे. सुरुवात स्वतःपासून करावी आणि लाजू नये. मग एक आवडते माणूस, एक ओळखीचे पण दूरचे, एक ज्याच्याशी बिनसले आहे असे, आणि शेवटी सर्व. आठवड्याच्या शेवटी मात्र हिशेब घालावा. मनात ज्याचे भले चिंतले, त्याच्यासाठी प्रत्यक्ष काय केले? अबोला सुटला का? शेजारच्या मुलीच्या पुस्तकांना हातभार लावला का? अन्याय दिसला तेव्हा तोंड उघडले का?

संध्याकाळी मंद्रूपच्या स्टँडवर एस.टी.ची वाट पाहत असताना तो मुलगा पुन्हा भेटला. म्हणाला, “सर, चौथी पायरी अजून जमत नाही. पहिल्या तीन रोज करीन.” मी म्हटले, फार चांगले. पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी पुन्हा सराव आहे. वाचकांपैकी कोणाला यावेसे वाटले तर विजापूर रस्त्याची कोणतीही गाडी धरावी. स्वतःच्या वस्तीतल्या विहारात सुरू केले तर त्याहून उत्तम. जयभीम.